कार्बोनारा (अंडं, चीज आणि डुकराचं मांस घातलेला इटालियन पास्ता) खरंच रोमन काळापासूनची डिश आहे का, आणि त्यात क्रीम घातलं की इटालियन लोक एवढे का चिडतात?

रोमन काळ वगैरे काही नाही हो, तुमचे आजी-आजोबा कार्बोनारापेक्षा वयाने मोठे निघतील. आदा बोनी या बाईंचं रोमच्या स्वयंपाकावरचं पुस्तक 1930 च्या आसपास आलं, त्यात याचं नावसुद्धा नाही. नाव पेपरात दिसतं ते 1950 मध्ये, 'ला स्ताम्पा'मध्ये, आणि तेही रोममधल्या एका खानावळीबद्दल लिहिताना जिथे युद्धाच्या वेळी अमेरिकन ऑफिसर स्पॅगेटी कार्बोनारा खायला यायचे.

इटालियनमध्ये 'कार्बोने' म्हणजे कोळसा, म्हणून हे कोळसा पाडणाऱ्या मजुरांचं जेवण होतं ही गोष्ट मेनूकार्डावर छान दिसते, पण तिला पुरावा नाही. मला पटते ती युद्धवाली थिअरी. जून 1944 मध्ये दोस्त फौजा रोममध्ये शिरल्या तेव्हा शहरात खायचे वांधे होते आणि सैन्याच्या रेशनमध्ये मात्र बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) आणि अंड्याची पावडर होती, मग दुसरं काय होणार! रेनातो ग्वालांदी नावाच्या शेफने तर नंतर दावाच केला की सप्टेंबर 1944 मध्ये रिच्चोने गावात ऑफिसरांच्या जेवणासाठी ही डिश आपणच पहिल्यांदा केली. एकट्याने शोध लावला हे मी काही मानत नाही, कारण अंडं आणि चीज घातलेला पास्ता नेपल्सकडे आधीपासून होताच, त्यात फक्त बेकन येऊन पडलं.

आता क्रीमचं. खरी मजा इथेच आहे. इटलीतल्या 'ला कुचिना इतालियाना' मासिकात 1954 मध्ये जी रेसिपी छापली त्यात लसूण आहे आणि चीज कुठलं तर ग्रुयेर, म्हणजे स्विस! ग्वाल्तिएरो मार्केझींसारख्या मोठ्या शेफनेही 1989 मध्ये क्रीम घालूनच दिली होती. ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं मांस, पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, अंडं, मिरी आणि बाकी काही नाही, हा कडक नियम त्यानंतरचा. त्यामुळे परंपरेच्या नावाने कोणी ओरडलं तर खुशाल 1954 ची रेसिपी पुढे करा.

तरी मी स्वतः क्रीम घालत नाही, त्याने मिरी आणि चीजची चव दबते. गॅस बंद करून मगच अंडं घाला आणि पास्ता उकळलेलं पाणी थोडं थोडं टाकत हलवत राहा, नाहीतर भुर्जी होते.