थायलंडमधल्या उदोन थानीला राहायला येताय? खर्चाचं आधी एवढं बघा

अजिबात टेन्शन घेऊ नका, इथे भाडं बँकॉकपेक्षा बरंच कमी आहे, पण नवीन माणसाचं बजेट कोलमडतं ते विजेवर. अपार्टमेंटवाले बरेचदा युनिटला ७-८ बात (थाई चलन) लावतात, सरकारी दर साधारण ४ च्या आसपास, आणि मार्च ते मे इसानच्या (ईशान्य थायलंडच्या) उकाड्यात एसी रात्रभर चालतोच, म्हणून रूम बघताना भाड्याआधी युनिटचा रेट विचारा. स्वतंत्र घर घेतलंत तर बिल सरकारी दराने येतं, सेव्हन इलेव्हनमध्येच भरता येतं.

बाकी सुरुवातीला:
- परदेशी कार्डावर बहुतेक एटीएम दर वेळी दोनशेहून जास्त बात कापतात, थोडे थोडे काढत बसू नका.
- स्कूटर लागणारच, पण दुचाकीचं वैध लायसन्स नसेल तर अपघातात इन्शुरन्स हात वर करतो आणि हॉस्पिटलचं बिल सगळं तुमच्या खिशातून जातं. हे प्लीज मनावर घ्या.
- सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ नका, आधी महिनाभर राहून बघा.

जेवणाचं म्हणाल तर गाड्यावर तयार पदार्थांचे ट्रे मांडलेले असतात, बोट दाखवायचं, भातावर दोन पदार्थ ४०-६० बातमध्ये पोटभर. शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीची 'जे' (थाई शुद्ध शाकाहारी) दुकानं शोधा, बाकी सगळीकडे फिश सॉस पडतोच. तूरडाळ, कणीक बँकॉकच्या पाहुरत या भारतीय बाजारातून आणा नाहीतर शॉपी (Shopee) या ऑनलाइन साइटवरून मागवा.

व्हिसा, टॅक्स आत्ता नको, घर मिळालं की विचारा, सगळं सांगतो.