कर्ज थकलंय म्हणून मागे हटू नकोस

ताई, सोसायटीचं पीककर्ज थकलंय म्हणून ग्रामपंचायत निवडणुकीचा फॉर्म भरता येत नाही, असं कुणी सांगितलं तुला? अगं, थकबाकीदार वेगळा नि नादार, म्हणजे दिवाळखोर, वेगळा. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम 14 वाच. नादारीमुळे अपात्र कोण, तर कोर्टाने नादार ठरवलेला आणि त्या नादारीतून अजून मुक्त न झालेला माणूस. बँकेची नोटीस आली म्हणजे नादारी नव्हे. आणि तसा आदेश झालाच, तर 1920 च्या प्रांतिक नादारी अधिनियमात अपात्रतेतून सुटायची वाट आहे: गैरवर्तन नसताना निव्वळ दुर्दैवाने ही वेळ आली, असा दाखला मुक्ततेच्या वेळी कोर्ट देऊ शकतं.

मला तुझ्या घरपट्टीची जास्त काळजी वाटते. बिल रीतसर हातात दिल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही, तर त्याच कलम 14 खाली सदस्यत्व जातं. आमच्या पॅनेलमधला एक चांगला माणूस एवढ्याशा पाणीपट्टीपायी घरी बसला. अजून जिवाला लागतं. विरोधक हेच हुडकतात नि थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतात. उद्या सकाळीच ग्रामसेवकाकडे जा, भरून टाक. पावतीवर तारीख नि शिक्का नीट उठलाय का बघ, आणि दोन झेरॉक्स काढून ठेव.