कॉर्ड बरोबर लागतात, लय सुटत नाही, तरी स्ट्रमिंगमध्ये ठेका का येत नाही? तारा कोणत्या हातानं बंद करायच्या?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांच्या सरावानंतर जी, सी, डी, ई मायनर सफाईनं लागतात, मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राबरोबर, हात चालतो, पण गाण्याला साथ करायला बसलं की नुसतं झँ-झँ होतं, ठेका म्हणून ऐकू येत नाही. आणि तारा म्यूट करायला कुणी डावा हात सांगतं, कुणी उजवा.

दोन्ही हात लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत. पण आधी हे झँ-झँ कुठून येतं ते सांगतो, कारण मी त्यातून गेलोय.

मी इंदूरचा, रामबागेत वाढलो. घरात तबला होता, गिटार मी आणली. एका वर्षी कॉलनीच्या गणेशोत्सवात ऐन वेळी ढोलकवाला आला नाही आणि साथीला एकटी माझी गिटार उरली. दुसऱ्याच गाण्यात गाणाऱ्या मुली लयीतून सुटल्या. माझा हात चुकला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मला तबल्यासमोर बसवलं. ‘ना’ वाजवला आणि आस, म्हणजे मागं घुमणारा आवाज, विरेपर्यंत गप्प राहिले. मग ‘ते’ वाजवला, बोटं शाईवरच, तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावरच, ठेवली. आवाज आला आणि तिथंच संपला. म्हणाले, “हा बंद बोल. तुझ्या गिटारीत बंद बोल कुठंय?”

नव्हताच. नाना पानसे यांच्यासारखा पखवाजिया होळकरांच्या दरबारात होऊन गेला त्या गावचा मी, खुले बोल आणि बंद बोल कानावर पडत लहानाचा मोठा झालो, आणि गिटारवर सगळेच बोल खुले वाजवत होतो. तुमचंही तेच होतंय असं मला वाटतं. अकूस्टिक गिटारची जाड तार एकदा छेडली की कितीतरी सेकंद घुमत राहते. मिनिटाला 100 ठोक्यांची लय धरली तर अर्ध्या मात्रेला मिळतात 0.3 सेकंद. म्हणजे पहिला झटका विरायच्या आत त्याच्यावर पाच-सहा झटके येऊन पडतात. प्रत्येक झटका वेळेवर येतोय, पण संपत एकही नाही. ऐकणाऱ्याला ठेका कळतो तो आवाज कुठं सुरू झाला आणि कुठं तुटला या दोन्हींवरून.

आता डावा हात. पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) ए मायनरची बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून लावतात ती, धरा, एकदा वाजवा आणि लगेच दाब सोडा. बोटं उचलायची नाहीत. तारा फ्रेटवरून सुटल्या पाहिजेत, बोटांपासून सुटता कामा नयेत. हे अंतर इतकं थोडं आहे की समोरच्याला हात हललेला दिसतही नाही. आवाज कापल्यासारखा थांबतो. आणि दाब सोडलेल्या अवस्थेतच पुन्हा झटका मारलात की सूर येत नाही, फक्त ‘चिक’ येतं. हा तुमचा पहिला बंद बोल.

इथं एक खोडा येतो. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला एकच बोट हलकं टेकलं असेल तर तार बंद होण्याऐवजी घंटीसारखा बारीक सूर देते, ज्याला हार्मोनिक म्हणतात. वर सांगितलेल्या ए मायनरमध्ये पातळ तीन तारांवर एकटी तर्जनी असते, म्हणून तिथून हा ‘टिंग’ हमखास निघतो. उपाय सोपा आहे. दाब सोडताना मधलं बोट आणि करंगळीही सगळ्या तारांवर आडवी पडू द्या. एका तारेला दोन ठिकाणी स्पर्श झाला की ती मुकाट बसते.

तुमच्या जी, सी, डी, ई मायनरमध्ये मात्र ही युक्ती अर्धीच चालते, कारण खुल्या तारांवर बोटच नसतं. दाब सोडला तरी त्या घुमतच राहणार. तिथं सी आणि डी लावलेली असताना मोकळी करंगळी सरळ करून सगळ्या तारांवर टेकवायची, आणि ई मायनरला चारही बोटं चपटी करायची. करंगळीला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. खुल्या कॉर्डमध्ये बाकीचा भार उजव्या हातावर येतो.

त्याच्याआधी बोटांच्या ठेवणीबद्दल थोडं. झँ-झँचा अर्धा भाग नको असलेल्या जाड तारेतून येतो. सी वाजवताना सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार नको असते. पाचव्या तारेवर अनामिका आहे, तिचं टोक किंचित वर सरकवा म्हणजे ते सहाव्या तारेला नुसतं चिकटेल. डी आणि ए लावताना अंगठा नेकच्या, म्हणजे दांडीच्या, वरून आणून सहाव्या तारेवर टेकवा, दाबू नका. जी-चं मला फार उशिरा कळलं. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर मधलं बोट थोडं आडवं ठेवायचं, म्हणजे त्याच्या पोटाखाली पाचवी तार आपोआप बंद होते. पाचव्या तारेवरचं बोट काढूनच टाका. ती एक तार गेली की जी-चा खर्ज एवढा स्वच्छ होतो की दुसऱ्या गिटारवर वाजवतोय असं वाटतं. हे सगळं जमलं की झटका मारताना तारा नेमून घ्यायची काळजी उरत नाही, सहाही तारांवरून बेधडक हात फिरवता येतो. ठेक्याला तोच मोकळेपणा लागतो.

उजव्या हाताची दोन कामं. एक पाम म्यूट. करंगळीखालची तळहाताची कड सॅडलवर, म्हणजे तारा जिथून सुटतात त्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. मागे ब्रिजवर, म्हणजे तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीवर, गेलात तर काहीच होणार नाही, साउंडहोलकडे, म्हणजे मधल्या भोकाकडे, सरकलात तर सूर मरेल. मधली जागा दोन-चार मिलिमीटरची आहे. सूर ओळखू येतो पण ‘डब’ असा आखूड निघतो, ती तुमची जागा. हात थोडा तिरका ठेवलात तर जाड तीन तारा दबतात आणि पातळ तीन खुल्या राहतात. आमच्याकडे याला डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) दाबणं म्हणतात, दुसरा शब्द मला माहीत नाही.

दुसरं काम थापेचं. हात खाली येताना अंगठ्याची मांसल बाजू आणि तळहाताची कड साउंडहोलजवळ तारांवर पडते, त्याच क्षणी पिक, म्हणजे तारा छेडायची चपटी पट्टी, पातळ तारांना लागतं. जाड तारा फ्रेटवर आपटून ‘चक’ असा आवाज येतो. जोर लावू नका. मनगट सैल सोडून हात पडू द्यायचा. जोर लावलात की हात तिथंच अडकतो आणि पुढचा वरचा झटका उशिरा येतो. नवशिक्यांची लय बहुतेक इथंच तुटते.

आता हे सगळं केरव्यात बसवू. धा गे ना ती, ना के धी ना. आठ मात्रा, हात खाली-वर, खाली-वर, एकदाही न थांबता. पहिल्या ‘धा’ला खाली झटका, जाड तारा पूर्ण खुल्या. ‘गे’ला वर हलका. ‘ना’, ‘ती’ पातळ तारांवर. पाचवी मात्रा खाली. तबलजी इथं डग्गा खुला ठेवत नाही, धा-चा ना होतो. तुम्हीही पाचव्या मात्रेला तळहात जाड तारांवर टेकवा आणि फक्त पातळ तारा वाजू द्या. सहाव्या ‘के’ला डावा हात सैल, वरच्या दिशेनं कोरडा ‘चिक’. सातव्या ‘धी’ला तळहात उचला, जाड तारा परत खुल्या. आठवी वर, हलकी. चार मात्रा घुमणारा खर्ज दोन मात्रा नाहीसा होऊन परत येतो. ऐकणाऱ्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळते ती यामुळे, गाणाऱ्यालाही. सहा मात्रांच्या दादऱ्यात हेच चौथ्या मात्रेला करायचं, तिथंही ‘धा ती ना’मधला धा गिटारवर हलकाच ठेवायचा.

सराव असा करा. पहिले दहा-बारा दिवस कॉर्ड लावूच नका. डाव्या हाताची चारही बोटं तारांवर आडवी टाका, मेट्रोनोम 60 वर ठेवा आणि नुसत्या बंद तारांवर केरवा वाजवा, मग दादरा. सूर नाही, तरी ताल ओळखू आला पाहिजे. माझी कसोटी आई होती. ती स्वयंपाकघरात पोळ्या करायची, मी पुढच्या खोलीत वाजवायचो. आठ-नऊ दिवस ती काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी आतून विचारलं, “आज दादरा घेतलायस का रे?” त्यानंतर मी कॉर्ड लावायला सुरुवात केली, तीही केरव्यात फक्त समेवर. बाकी सात मात्रा कोरड्या. दुसऱ्या आठवड्यात सातव्या मात्रेला सूर उघडला, मग हळूहळू बाकीच्या. पूर्ण खुल्या झटक्यापासून सुरू करून मध्ये मध्ये म्यूट टाकायला गेलात तर वर्ष जाईल. बंदपासून सुरू करा आणि लागेल तिथं उघडत जा.

ऐकण्यासाठी दोन नावं देतो. 1934 साली पॅरिसमध्ये गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचं जॅझ पंचक, म्हणजे पाच वादकांचा संच, उभं राहिलं. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास. ड्रम नाहीच. ठेक्याचं सगळं काम साथीच्या दोन गिटारी करतात, आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला डावा हात सैल सोडून आवाज कापतात. दुसरे जॅझ गिटारवादक फ्रेडी ग्रीन. 1937 मध्ये काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात आले आणि पुढची पन्नास वर्षं बहुतांशी एकच गोष्ट करत राहिले, मोजून चार ठोके, प्रत्येक आखूड. हेडफोन लावून ऐका आणि सुरांकडे लक्ष न देता फक्त आवाज कुठं संपतो तेवढंच पकडा.

सामानाबद्दल थोडक्यात. पिक पातळ घ्या, 0.46 ते 0.60 मिलिमीटर. जाड पिक बंद तारांत अडकतं. तारा बाराव्या फ्रेटपाशी फार उंच असतील तर दुरुस्तीवाल्याकडून खाली करून घ्या, कारण उंच तारेला दाब सोडून परत धरायला दुप्पट कष्ट पडतात. आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. बार कॉर्ड धरून ठेवल्यानं ते होतं. दाब सोडण्याचा सराव नीट झाला की हातालाही प्रत्येक मात्रेला विसावा मिळतो आणि दुखणं कमी होतं, माझं तरी झालं.