पत्रपेटीतली चिठ्ठी

बाई गं,

"मावशी, आठ महिन्यांत बराच जपान बघून झाला, पण इथे राहतेय असं वाटतच नाही." वर हे रडगाणं आणि खाली लगेच प्रश्न, पुढच्या महिन्यात कानाझावा करू की होक्काइदो? आधी हसू आलं, मग राग. राग तुझा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी अगदी हेच पत्र लिहिलं असतं.

क्योतोला फुशिमी इनारीच्या लाल कमानींखालून चाललीस. सिंहगड रोडवरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्यावर बेतलंय, ते ओकायामाचं कोराकुएनही पाहून आलीस. झालं की. आता तोक्योत, तुझ्या निशी-कासाईत, स्वतःच्या इमारतीखाली, वस्तीच्या कामातला वाटा उचल.

भाषा कच्ची म्हणून लोक जवळ करत नाहीत, म्हणतेस. काही नाही तसं. मी दुभाषी होते. बैठकांत माझ्या जपानीचं कौतुक व्हायचं, आणि एदोगावातल्या, म्हणजे तुझ्याच भागातल्या, ज्या गल्लीत राहत होते तिथे सहा वर्षं "ओहायो गोझाइमास"च्या, सकाळच्या नमस्काराच्या, पुढे गाडी गेली नाही. का जावी?

कायरानबान ठाऊक आहे ना? घरोघर फिरणारी चिमट्याची पाटी. गल्लीची पत्रकं वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दारी पोचवायची. दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे ती बारा दिवस चपलांच्या कपाटावर पडून होती, वर विजेचं बिल आणि गणपतीच्या वर्गणीची पावती. आत १ सप्टेंबरच्या आपत्ती-सरावाचं पत्रक होतं. १९२३च्या भूकंपाची आठवण म्हणून त्या दिवशी सगळीकडे सराव होतात, आणि एदोगावाची तर सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याहून खाली, तिथे तो काही उपचार नसतो. माझ्यापुढचं घर एकट्या राहणाऱ्या आजींचं. सराव होऊन गेला तरी पाटी आली नाही, म्हणून त्या दारात आल्या, कमरेत वाकल्या आणि "तुमच्या गडबडीत त्रास देते" म्हणून माझीच क्षमा मागितली. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मला वेळ नव्हता गं. खरंच नव्हता. रात्री दहाची तोझाई लाइनची मेट्रो, पुण्यात आई आजारी, डोक्यात दुसऱ्या दिवशीचे शब्द. पण त्याच लाइनीवर मोंझेन-नाकाचोला उतरून फुकागावाची जत्रा बघायला बरा वेळ मिळाला! दर तीन वर्षांनी मोठी जत्रा, पन्नासहून जास्त मिकोशी, म्हणजे त्यांच्या पालख्या, आणि उचलणाऱ्यांवर बादल्या-बादल्या पाणी. दोनदा गेले. फुटपाथवर कॅमेरा भिजू नये म्हणून मागे सरकून उभी. त्या फोटोंचं कौतुक अजून होतं, मला ते बघवत नाहीत.

सातव्या वर्षी कचऱ्याच्या जागेची जबाबदारी घेतली. कावळ्यांसाठी जाळी पसरायची, गाडी गेली की जागा झाडून जाळी घडी करून ठेवायची. पहिल्याच आठवड्यात आजींनी हळूच दाखवलं की माझ्या पिशवीत जळणारं आणि न जळणारं एकत्र असतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की सहा वर्षं ती पिशवी सोडून, निवडून, पुन्हा कोण बांधत होतं.

तेव्हा वाटा उचल. कोणी बोलावेल याची वाट बघू नकोस. सगळे गळ्यात पडतील असंही नाही. समोरच्या एका गृहस्थांनी शेवटपर्यंत माझ्या नमस्काराला मान हलवली नाही. असतात तसे, कोथरूडमध्येही असतात.

आणि तू "जाहिरात दिसतेय, पण भाषांतर करून दे" म्हणून पाठवलेला फोटो. तुझ्या पत्रपेटीतली ती चिठ्ठी जाहिरात नाही, वेडाबाई. तुमच्या चोनाइकाईची, म्हणजे वस्तीच्या मंडळाची आहे. रविवारी सकाळी आठला बागेची सफाई, पाऊस असला तर पुढच्या रविवारी. गवत काढायचंय. येताना "गुन्ते" आणा, असं लिहिलंय. म्हणजे पांढरे सुती हातमोजे, शंभर येनच्या दुकानात मिळतात. दोन जोड घे, कोणीतरी विसरून आलेलं असतं.

तुझी,
मावशी