रणांगणावरून घरी कोणी परतायचं?

प्रश्न : यहुदी धर्मग्रंथात काही सैनिकांना युद्धातून परत पाठवण्याची तरतूद आहे, असं वाचलं. ती कोणासाठी? त्यात पुढच्या पिढीचा विचार आहे का?

उत्तर : तोरा म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ. त्याच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातील 20व्या अध्यायात तिघे येतात : नवं घर बांधून अजून राहायला न गेलेला, द्राक्षमळा लावून फळ न चाखलेला आणि वाङ्निश्चय होऊनही लग्न न झालेला. चौथा, ज्याचं काळीज कापतं तो. त्याच्यामुळे इतरांचाही धीर खचतो.

मळ्याचं फळ चाखेपर्यंतची मुदत लांब आहे. पहिली तीन वर्षं फळ वर्ज्य, चौथ्या वर्षाचं देवाचं, पाचव्या वर्षापासून मालकाचं. मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहाच्या ‘सोटा’ प्रकरणात पाच फळझाडंही मळ्यासारखीच धरली आहेत. परतलेल्यांनी सैन्याला पाणी, अन्न पुरवायचं, रस्ते दुरुस्त करायचे. नवविवाहिताला मात्र वर्षभर तेही माफ.

इथे एक गफलत हमखास होते. ही सूट ऐच्छिक, म्हणजे धर्माने बंधनकारक न केलेल्या युद्धापुरती आहे. धर्माज्ञेच्या युद्धात, मिश्ना म्हणते, वरानेही आपली खोली सोडून निघायचं. स्वसंरक्षणाचं युद्ध मध्ययुगीन यहुदी धर्मपंडित मायमोनिडीझ याच दुसऱ्या वर्गात घालतात.

पुढच्या पिढीचं म्हणाल तर, तोरा कारण देते ते एवढंच : तो मेला तर दुसराच कोणी त्या घरात राहील. तरीही घर, झाड आणि विवाह हीच तीन उदाहरणं निवडली जाणं मला फार बोलकं वाटतं. त्याच अध्यायाच्या शेवटी, वेढा कितीही लांबला तरी शत्रूची फळझाडं तोडू नका, अशी आज्ञा आहे.