आपल्याच देशात लोक उपाशी असताना परदेशातल्या भुकेल्यांना मदत करणं आपलं कर्तव्य आहे का?

हो, आहे, निदान स्वतःचं भागून ज्यांच्याकडे काही उरतं त्यांचं तरी. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी हाच प्रश्न हाती घेतला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तितक्याच मोलाचं काही न गमावता मोठं संकट टाळता येत असेल, तर ते टाळायलाच हवं; माणूस किती मैलांवर आहे यानं फरक पडत नाही. मला हे पटतं. (‘आधी घरचं बघा’ म्हणणारे घरच्यांसाठी तरी किती देतात, हा वेगळा विषय.) शिवाय आपण घेणारेही होतो आणि देणारेही: १९६५-६६च्या दुष्काळात भारतानं अमेरिकेकडून सवलतीत आलेला गहू खाल्ला, आणि २०२२ मध्ये भारतानं अफगाणिस्तानला गहू पाठवला. फक्त मदत म्हणजे दर वेळी धान्यच नव्हे. बाजारात माल आहे पण लोकांच्या हातात पैसा नाही, अशा ठिकाणी बाहेरचं फुकट धान्य ओतलं की तिथल्याच शेतकऱ्याचा भाव पडतो. तिथे रोख रक्कम बरी. युद्धानं बाजारच बंद पडला असेल तर मात्र धान्याला पर्याय नाही.