ट्राउटसाठी ९ किलोचा ड्रॅग? मगर पकडायचीय का?

मार्चमध्ये हिमाचलचा ट्राउट सीझन उघडतो आणि माझा फोन वाजायला लागतो. कुल्लूतल्या तीर्थन नदीवरचं बुकिंग झालंय, फ्लाय फिशिंगचा (फ्लाय म्हणजे किड्यासारखं खोटं आमिष) रॉड आहे, रील, म्हणजे लाइन गुंडाळायची फिरकी, साधं आहे, आता जरा बरं घ्यायचंय, कुठलं घेऊ? प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून या वेळी सगळ्यांना इथेच एकदम उत्तरं देतोय.

हँडल डावीकडे ठेवू की उजवीकडे? (ठाणे)

कास्ट करायचा (लाइन फेकायचा) हात सोडून दुसऱ्या हाताला. बाजू बदलायची असेल तर दुकानातच बदलून घ्या, आतलं वन-वे बेअरिंग उलटं बसलं की गुंडाळताना ड्रॅग (रीलचा ब्रेक) लागतो आणि मासा पळताना सुटा.

रॉड ५ वेटचा (५ नंबर वजनाच्या लाइनचा) आहे, ७/८ चं रील सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळतंय. मोठं घेतलं तर बिघडलं काय? (नाशिक)

मनगट बिघडतं. सगळं वजन मुठीखाली जातं आणि दिवसभर कास्ट केल्यावर रात्री चपाती तोडताना कळतं. ४/५ किंवा ५/६ लिहिलेलं घ्या. रॉड सोबत घेऊन दुकानात जा, रील लावा, कॉर्कच्या मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट धरा, साधारण आडवा राहिला तर जमलं. रिकाम्या रीलवर हे करू नका हो, लाइन भरलेली हवी.

मे महिन्यात तीर्थनला चाललोय. ऑनलाइन एक रील बघितलं: ९ किलो ड्रॅग, सील्ड, ७ बेअरिंग, एअरक्राफ्ट ग्रेड अॅल्युमिनियम. विकणारा म्हणतो मासा सुटूच शकत नाही. मागवू का? (पुणे)

थांबा, मागवू नका. हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

एअरक्राफ्ट ग्रेड म्हणजे बहुतेक वेळा ६०६१, सायकलच्या फ्रेमसुद्धा त्याच्या होतात. धातू चांगलाच आहे, पण ते नाव विमानाचं भाडं वसूल करायला दिलेलं. बेअरिंग मोजायची सवय स्पिनिंग रीलवरून (जड आमिष फेकायच्या साध्या गळाच्या रीलवरून) आलीय, फ्लाय रीलला त्या आकड्याचं फारसं कौतुक नाही.

आता ते ९ किलो. तुम्ही पुढे बांधणार ५एक्सचं टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक दोरा, जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर, तुटतं २ किलोच्या आसपास, गाठ मारल्यावर त्याहून आधीच. मग उरलेले ७ किलो लावणार कुठे? ट्राउटला ड्रॅग अर्ध्या किलोच्या आतच लागतो, आणि तीर्थनमधला बराचसा ब्राउन ट्राउट वीतभर नाहीतर थोडा मोठा. रील विकत घेताना ड्रॅग किती घट्ट होतो ते विचारूच नका, तो सुरू कसा होतो ते बघा. थांबलेलं स्पूल (लाइन गुंडाळलेलं चाक) हलवायला जो पहिला जोर लागतो तो फिरत्या स्पूलपेक्षा जास्त असतो, आणि हलक्या प्रतीच्या ड्रॅगमध्ये हा फरक इतका असतो की मासा पहिली उसळी घेतो, स्पूल क्षणभर अडतं, आणि त्या क्षणातच टिपेट जातं. लोक म्हणतात मासा मोठा होता. मासा नव्हता हो मोठा, रील अडलं.

हे मी स्वतः भोगलंय. कॉर्कच्या ड्रॅगचं रील पावसाळाभर घट्ट आवळलेलं तसंच कपाटात राहिलं, कॉर्क दबून चिकटला. पुढच्या सीझनला सैंज नदीत दुसऱ्याच डोहात मासा लागला, दगडामागून खाली सुटला, रीलमधून 'टक्' असा एकच आवाज आला आणि लाइन ढिली. तिथेच दगडावर बसून राहिलो. तेव्हापासून घरी आलो की आधी ड्रॅग पूर्ण सैल, मग बूट काढायचे.

तर घेण्याआधी एवढं करा. रील रॉडला लावा, लाइन सगळ्या रिंगांतून काढून टोकाला टिपेट बांधा, ड्रॅग अगदी हलका ठेवा, आणि कुणाला तरी टिपेट धरून सावकाश चालत जायला सांगा. तुम्ही फक्त रॉडच्या टोकाकडे बघा. वाकून तसंच राहिलं तर रील चांगलं, कोंबडीच्या मानेसारखं पुढे-मागे करायला लागलं तर परत द्या, मग किंमत काहीही असो. ही परीक्षा फोटोवरून होत नाही, म्हणून म्हणतो ऑनलाइन आंधळेपणाने मागवू नका, ज्याच्याकडे ते रील आहे अशा माणसाला गाठा.

सील्ड ड्रॅग वाईट नाही, बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यात बारीक रेती असते, ती आत जात नाही. पण बिघडला तर घरी उघडता येत नाही, इथे सर्व्हिस कोण करतं ते आधी विचारा. आणि वाचलेले पैसे चांगल्या लाइनवर घाला. कास्ट लाइनच्या वजनाने जातो, रील तोपर्यंत नुसतं लटकलेलं असतं.

बॅकिंग (लाइनच्या खाली गुंडाळायचा दोरा) भरायलाच हवं का? तीर्थन तर एवढीशी नदी. (मुंबई)

हवं. मासा बॅकिंगपर्यंत नेईल म्हणून नाही, लाइन जेमतेम २७ मीटर असते, खाली बॅकिंग नसेल तर ती स्पूलच्या बारक्या दांड्यावर गुंडाळली जाते आणि बाहेर येते तेव्हा जिलब्या. लार्ज आर्बर, म्हणजे जाड दांड्याचं स्पूल, घ्या, हा त्रास आणखी कमी. बॅकिंगला २० पौंडी डॅक्रॉनचा दोरा, स्पूलच्या काठापासून ४-५ मिलिमीटर मोकळं राहील इतपत. किती मीटर ते रीलवर अवलंबून, भरून देणाऱ्यालाच विचारा.

काकांनी इंग्लंडहून आणलेलं जुनं क्लिक-पॉलचं (दातेरी चाकावर स्प्रिंगचा खटका अडणारं) रील आहे. दुकानदार म्हणाला भंगार, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. (कोल्हापूर)

देऊ नका! एक्स्चेंजमध्ये भंगार घ्यायला तो का टपलाय याचा विचार करा जरा. क्लिक-पॉलवर लोक शंभर वर्षांहून जास्त काळ ट्राउट धरतायत, ५ वेटला ते आजही पुरतं, मासा जास्त पळाला आणि स्पूलचा काठ उघडा असेल तर त्यावर तळवा टेकवायचा. फक्त स्प्रिंग आणि पॉल झिजलेत का ते जाणकाराला उघडून बघू द्या, स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावू नका.

फ्लाय रॉडला स्पिनिंग रील चालेल का? (नागपूर)

नाही.

ओळखीचे म्हणाले गेस्टहाऊसवाला सांभाळून घेतो, लायसन्स लागत नाही. (पुणे)

लागतं. मत्स्य विभागाकडून काढायचं, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट बंदच. मासा ठेवायचे आणि सोडायचे नियम काय, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत कुठे उभं राहायचं नाही, हेही त्याच ऑफिसात विचारा, ओळखीच्यांना नको. आणि शेवटच्या दिवशी धावपळ करत जाऊ नका, रविवारी ऑफिस बंद असतं.

मुळशीत किंवा भंडारदऱ्याला ट्राउट मिळेल का? म्हणजे नव्या रीलची प्रॅक्टिस होईल. (पिंपरी)

नाही मिळणार, पाणी कोमट. ट्राउट थंड पाण्याचा, हिमाचलमध्येसुद्धा ब्रिटिशांच्या काळात बाहेरून आणून सोडलेला. प्रॅक्टिस सोसायटीच्या लॉनवर करा, हुकाचं टोक कापून, नाहीतर फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. वॉचमनला आधी सांगून ठेवा.